विसार देण्यापूर्वी घर तपासून घ्या



घोडेगावच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे. त्या लिहितात : "ताई, जुन्नरला पेठेत एक जुनं दुमजली घर आम्ही पाहिलं. किंमत तीस लाख सांगतात. मालक ह्यांच्या ओळखीतले आहेत. येत्या गुरुवारी दिवस चांगला आहे, त्या दिवशी तीन लाख विसार द्या, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, असं त्यांचं म्हणणं. तीन लाखांपैकी दोन लाख माझी पाटली मोडून उभे राहणार. घर पाहिलं तेव्हा माडीवरच्या एकाच कोपऱ्यात नवा रंग दिसला, बाकी भिंती जुन्याच. तेव्हापासून मनात शंकेची पाल चुकचुकते आहे. विसार दिल्यावर घरात मोठा दोष निघाला तर पैसे परत मिळतात का? हे म्हणतात मिळतील. सासूबाई म्हणतात, एकदा हातचे गेलेले पैसे परत येत नसतात."

पत्र एकीचं असलं तरी प्रश्न पुष्कळजणींचा आहे. ओट्यापासून गच्चीपर्यंत घराचा खरा अनुभव घ्यायचा तो बाईनेच. पण सौद्याच्या बैठकीत आपण चहा नेऊन देतो आणि आत येतो. म्हणून आज हा विषय सविस्तर घेते. मी वकील नाही. पण घर घेताना जे वाचलं, विचारलं आणि आजूबाजूला पाहिलं, ते सोपं करून सांगते.

पत्राचं उत्तर असं की, विसार परत मिळेल की नाही हे विसार पावतीवर काय लिहिलं आहे त्यावर ठरतं. तोंडी बोलणं कितीही गोड असलं तरी भांडणाच्या वेळी ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

विसार म्हणजे काय?

विसार, बयाणा किंवा आपल्या बाजूला म्हणतात तसा इसार, म्हणजे सौदा पक्का झाल्याची खूण. घेणाऱ्याने विनाकारण माघार घेतली तर विसार बुडतो, हा जुना रिवाज. न्यायालयंही तो मानतात. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं होतं. सत्तर लाखांची मिळकत, सात लाख विसार, आणि घेणाऱ्याने करार पुरा केला नाही तर विसार जप्त होईल असं करारात लिहिलेलं. न्यायालयाने सांगितलं, की रक्कम खरोखरच विसार म्हणून दिलेली असेल आणि करारात तशी स्पष्ट अट असेल, तर विकणाऱ्याला ती ठेवून घेता येते. नुसता किमतीपोटी दिलेला आगाऊ हप्ता असेल तर मात्र ठेवता येत नाही. सात लाख गेले ते गेलेच.

म्हणजे सासूबाईंचं म्हणणं वाऱ्यावरचं नाही.

आता तुम्ही म्हणाल, पण घरात दोष निघाला तर आमची माघार विनाकारण कशी? इथे कायद्याचा एक बारकावा आहे. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ सालचा. त्याच्या ५५व्या कलमात म्हटलं आहे, की मिळकतीत एखादा महत्त्वाचा दोष असेल, विकणाऱ्याला तो ठाऊक असेल, घेणाऱ्याला ठाऊक नसेल आणि नेहमीची काळजी घेऊनही त्याला तो सापडण्यासारखा नसेल, तर विकणाऱ्याने तो सांगितलाच पाहिजे. न सांगणं ही लबाडी धरली जाते.

वाचायला किती छान वाटतं! पण नीट वाचा. दोष 'नेहमीची काळजी घेऊन' सापडण्यासारखा असेल तर सांगण्याचं हे बंधन त्याच्यावर नाही. भिंतीला आरपार भेग आहे, छताचा गिलावा फुगला आहे, जिन्याची पायरी हलते आहे, हे सगळं डोळ्यांना दिसणारं. ते तुम्ही पाहिलं नाही तर दोष तुमचा. आणि छुपा दोष विकणाऱ्याला आधीपासून ठाऊक होता, हे सिद्ध कुणी करायचं? तुम्हीच. त्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या, त्याही तुम्हीच. म्हणून कायद्यावर विसंबून राहण्यापेक्षा आधी तपासणी करावी, आणि तपासणी व्हायच्या आत विसार द्यावाच लागला, तर पावतीत अट घालून घ्यावी.

पाहणीची अट

माझी एक जुनी विद्यार्थिनी लग्नानंतर अमेरिकेत असते. तिने मला सांगितलं, की तिकडे घराचा सौदा ठरला की करारात बहुधा पाहणीची अट असतेच. ठरावीक दिवस मिळतात, साधारण एक ते दोन आठवडे. तेवढ्यात घेणाऱ्याने आपल्या पैशाने तपासनीस आणून घर तपासायचं. मोठा दोष निघाला तर दुरुस्ती मागायची, किंमत कमी करून मागायची, नाहीतर विसार परत घेऊन मोकळं व्हायचं. मुदत टळली की हक्क गेला. २०२० नंतरच्या दोन वर्षांत तिकडे घरांना फार मागणी आली, तेव्हा सौदा हातचा जाऊ नये म्हणून कितीतरी लोकांनी ही अट स्वतःहून सोडून दिली आणि नंतर गळकी छपरं गळ्यात घेतली. "दुसरं गिऱ्हाईक तयार आहे" हे वाक्य तिकडेही चालतं म्हणायचं!

आपल्याकडे छापील विसार पावतीत अशी अट नसते. पण ती लिहायला कुणाची आडकाठी नाही. १८७२ सालच्या करार कायद्यात सशर्त करारांची स्वतंत्र कलमंच आहेत. अमुक गोष्ट ठरलेल्या मुदतीत घडली तर सौदा पुढे जाईल, नाही घडली तर जाणार नाही, असं दोघांनी लिहून ठरवलं की ते दोघांवर बंधनकारक होतं. मात्र अट स्पष्ट हवी. "घर पसंत न पडल्यास पैसे परत" असं मोघम लिहिलं तर पसंत म्हणजे काय, यावरूनच वाद सुरू होईल.

अट कशी असावी याचा एक नमुना देते. हा तसाच्या तसा उतरवून सही करू नका, आपल्या वकिलांना दाखवून आपल्या सौद्याप्रमाणे बदलून घ्या.

"सदर घराच्या बांधकामाची पाहणी लिहून घेणार यांनी आपल्या पसंतीच्या स्थापत्य अभियंत्याकडून आजपासून २१ दिवसांचे आत स्वखर्चाने करून घ्यावयाची आहे. पाहणीसाठी लिहून देणार यांनी घराचा प्रत्येक भाग, माळा, छप्पर, गच्ची व पाण्याची टाकी उघडून दाखवावयाची आहे. अभियंत्याच्या लेखी अहवालात पाया, भिंती, तुळया, छत अगर छप्पर यांत एकूण रुपये एक लाखांपेक्षा जास्त दुरुस्तीखर्चाचा दोष आढळल्यास लिहून घेणार यांस हा व्यवहार रद्द करण्याचा हक्क राहील. तशी लेखी सूचना वरील मुदतीत दिल्यास, सूचना मिळालेपासून १५ दिवसांचे आत लिहून देणार यांनी विसाराची संपूर्ण रक्कम कोणतीही कपात न करता परत करावयाची आहे."

भाषा कोर्टकचेरीची असली तरी मुद्दे सहाच आहेत. पाहणी कुणी करायची, किती दिवसांत, घर उघडून दाखवण्याची जबाबदारी कुणाची, कोणता दोष मोठा मानायचा, कळवायचं कसं, आणि पैसे कोणत्या तारखेपर्यंत परत. यातला एकही मुद्दा गाळू नका. एक लाखाचा आकडा मी उदाहरणादाखल घातला आहे. जुन्या घरात किरकोळ दुरुस्ती असायचीच. कौलं बदलायची म्हणून सौदा मोडता येणार नाही, हे विकणाऱ्यालाही न्यायाचं वाटलं पाहिजे. मुदतही बेताची ठेवा. त्याचंही घर तोपर्यंत अडकून पडतं.

कर्ज काढणार असाल तर अशीच दुसरी अट कर्जाची घाला. कर्ज अमुक तारखेपर्यंत मंजूर न झाल्यास विसार परत, अशी. आणि बँकेचा माणूस मूल्यांकनाला येऊन गेला म्हणजे घर तपासून झालं, असं समजू नका. कर्ज बुडालं तर घर विकून किती वसूल होतील, हे तो बँकेसाठी पाहतो. तुमच्या माडीची तुळई त्याने ठोकून पाहिलेली नसते.

जुनं घर कसं पाहावं?

अभियंता तर आणायचाच. पण त्याच्या आधी आपण स्वतः एकदा निवांत जावं, दुपारच्या उजेडात, आणि बरोबर एखादा जुना गवंडी आणि सुतार न्यावा. जुन्नर, ओतूर, घोडेगावच्या जुन्या पेठांतली घरं दगडी जोत्याची, मातीच्या भिंतींची आणि लाकडी सांगाड्याची. असं घर पाहायला नवशिक्या डोळ्यांपेक्षा सुताराचा हात उपयोगी.

तुळयांची टोकं भिंतीत गेलेली असतात. कुजणं आणि वाळवी बहुधा तिथेच सुरू होते. मधोमध तुळई ठणठणीत दिसते आणि टोकाशी भुसा झालेला असतो. सुताराला टोकाशी ठोकून पाहायला सांगा. आवाज पोकळ आला किंवा पेचकस सहज आत गेला, तर समजून जा. खांबाच्या तळाशी, चौकटींच्या खाली, माळ्यावर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवीची वाट आहे.

भिंतीला ओळंबा लावून पाहा. मध्ये पोट आलं आहे का, दोन भिंतींचा कोपरा सुटला आहे का, ते कळतं. खाली ओल असेल तर भिंतीला पांढरा लोणा फुटतो. आणि एकाच कोपऱ्याला नवा रंग असेल तर त्या कोपऱ्याच्या पलीकडची बाजू पाहा, वर छपरात काय आहे ते पाहा. कपाट भिंतीला लावून ठेवलं असेल तर सरकवायला सांगा. यात संकोच कसला? भाजीवाल्याकडे वांगं घेताना आपण देठ बघतो, उलटसुलट करतो. इथे तर तीस लाखांचा मामला आहे.

पेठेतल्या घराला शेजार चिकटून असतो. मधली भिंत सामाईक आहे का, ते विचारा. आपल्या छपराच्या पागोळ्या कुणाच्या जागेत पडतात, शेजाऱ्याचं सांडपाणी आपल्या बोळातून जातं का, हे डोळ्यांनी पाहा. वर्षानुवर्षांच्या वहिवाटीने असे हक्क तयार होतात आणि घर विकलं तरी ते सुटत नाहीत. शेजारच्या आजींशी दहा मिनिटं बोललात तर घराचा निम्मा इतिहास कळेल. पावसात कोणत्या खोलीत बादली ठेवतात, हे मालक सांगणार नाही, त्या सांगतील.

स्लॅबचं घर असेल तर

नारायणगाव, मंचर, आळेफाटा या भागात स्लॅबची घरं आणि बंगले जास्त. तिथे छताखाली मान वर करून हिंडा. गिलावा फुगला असेल, तांबूस डाग असतील, सळ्या उघड्या पडल्या असतील, तर आतलं लोखंड गंजतं आहे. गंज चढला की लोखंड फुगतं आणि काँक्रीट फोडून बाहेर येतं. त्यावर रंग मारून काही होत नाही. गच्चीवर पाणी जाण्याचं भोक बंद करून, विटांचा बांध घालून, निदान चोवीस तास पाणी साठवा आणि खाली ओल येते का पाहा. उन्हाळ्यात सगळीच घरं कोरडी असतात, म्हणून हा पावसाळा आपण आणायचा. संडास-न्हाणीघराच्या मागची भिंतही हात लावून पाहा.

खिडक्या-दारांच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा निघाल्या असतील तर पाया खाली-वर झाला असण्याची शक्यता असते. कुकडी आणि घोड नद्यांच्या कालव्यांखालच्या बागायती पट्ट्यात काळी जमीन पुष्कळ. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. तिच्यावर उथळ पायाचं घर दरवर्षी थोडं थोडं हलतं. पाया मुरमापर्यंत नेला होता का, हे अभियंत्याला मुद्दाम पाहायला सांगा. भेगेवर पेन्सिलने खूण करून, तारीख घालून, पंधरा दिवसांनी परत पाहिलं तर भेग वाढते आहे का याचा अंदाज येतो. पाहणीला तीन आठवडे मागायचे ते याचसाठी.

वायरिंगचं वय, अर्थिंग, नळाचा दाब, बोअरला एप्रिल-मे महिन्यात पाणी असतं का, शोषखड्डा कुठे आहे आणि विहिरीपासून किती दूर आहे, हेही विचारून घ्या.

घराखालची आणि मागची जमीन

आंबेगाव तालुक्यातल्या बायकांना हे सांगायची गरज पडू नये. ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण गावावर डोंगर उतरला आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. एखाद्या घराची भिंत कच्ची होती की पक्की, याने तिथे काही फरक पडला नसता. म्हणून डोंगराच्या कुशीत, भीमाशंकरच्या बाजूला घर घेत असाल तर घरापेक्षा आधी उतार पाहा. मागचा डोंगर घर बांधायला कापला आहे का, वर सपाटीकरण झालं आहे का, झाडं तिरकी झाली आहेत का, जमिनीला लांब भेगा आहेत का, ओढ्याची जुनी वाट कुणी बुजवली आहे का. यातलं काहीही दिसलं तर भूगर्भाच्या जाणकाराचा सल्ला घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

नदीकाठाला पूररेषा विचारा. जलसंपदा खात्याच्या नकाशावर निळी आणि लाल अशा दोन रेषा असतात. निळी रेषा सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. घर कोणत्या रेषेच्या आत येतं, ते पावती करण्यापूर्वी कळलं पाहिजे.

आणि घर उसाच्या कडेला असेल, तर जुन्नरकरणींना वेगळं काय सांगू? संडास बाहेर आहे का, तिथपर्यंत दिवा आहे का, कुंपण किती उंच आहे, हे बिबट्याच्या मुलखात पाहणीचाच भाग आहे.

कागदांची पाहणी

बांधकामाबरोबर कागदही तपासायचे. गावठाणाबाहेर सातबारा, गावठाणात नगर भूमापन झालं असेल तर मालमत्ता पत्रक, आणि ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेच्या घरपट्टीचा उतारा. यांवर नाव असलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही, म्हणून वकिलांकडून तीस वर्षांच्या व्यवहारांचा शोध घेऊन अहवाल घ्यावा. सगळ्या भावा-बहिणींच्या सह्या होणार आहेत का, हे विचारावं. बहिणींचं नाव गाळून केलेले सौदे पुढे फार छळतात. पश्चिमेकडच्या आदिवासी गावांत आणि धरणग्रस्तांना मिळालेल्या जमिनींवर विक्रीला सरकारी परवानगीची बंधनं असतात, तीही पाहावीत. कागद साफ न निघाल्यास विसार परत, ही तिसरी अट त्याच पावतीत बसते.

दोष निघाला तर?

दोष निघाला की सौदा मोडलाच पाहिजे असं नाही. आमच्या शाळेतल्या एका बाईंचं उदाहरण सांगते. जुन्नरच्या जुन्या घराला त्यांनी विसार दिला, पावतीत पाहणीची अट होती. अभियंत्याच्या अहवालात दोन तुळया आणि मागची भिंत बदलायची निघाली, खर्चाचा अंदाज सव्वादोन लाख. मालक आधी रागावले. "आमचे आजोबा या घरात राहिले," म्हणाले. बाईंनी वाद घातला नाही. अहवालाची प्रत आणि पावतीची प्रत पुढे ठेवली. आठ दिवसांनी किंमत दोन लाखांनी उतरली. आज त्या त्याच घरात सुखाने राहतात आणि मालकांशी येणं-जाणंही आहे.

मंचरच्या बाजूच्या एका कुटुंबाने मात्र ओळखीवर विसार दिला. पावतीवर रक्कम आणि सही, एवढंच. पावसाळा आला आणि बैठकीच्या खोलीला भेग पडली. "घर बघूनच घेतलंत ना?" एवढं एकच उत्तर मिळालं. वर्षभर हेलपाटे घालून शेवटी निम्मे पैसे परत मिळाले. ओळख होती, ती संपली.

म्हणून "ओळखीच्या माणसाला कागद कशाला मागायचा?" असं कुणी म्हटलं तर सांगा, ओळख टिकावी म्हणूनच कागद. परक्याशी भांडण झालं तर पैसे जातात. नात्यातल्याशी झालं तर पैसेही जातात आणि लग्नकार्यातलं बोलावणंही जातं.

नवा फ्लॅट घेत असाल तर

बिल्डरकडून नवा फ्लॅट घेणाऱ्यांना २०१६ च्या रेरा कायद्याचा आधार आहे. नोंदणी झालेल्या प्रकल्पात, कराराची नोंदणी होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला आणि तो कळवला, तर तीस दिवसांत बिनखर्च दुरुस्त करून देण्याची जबाबदारी त्याची. कळवायचं ते लेखी. पण जुनं घर मालकाकडून घेताना हा आधार नसतो. तिथे आपली पावती हाच आपला आधार.

पैसे कुणाचे, नाव कुणाचं?

शेवटी पाटलीबद्दल. विसाराची रक्कम तुमचं सोनं मोडून उभी राहत असेल, तर पावतीवर 'लिहून घेणार' म्हणून तुमचंही नाव असू द्या. पैसे तुमच्या खात्यातून चेकने किंवा बँकेतून द्या, म्हणजे परत यायची वेळ आली तर ते तुमच्याच खात्यात येतील, अशी ओळ लिहिता येते. तसंही २०१५ च्या जूनपासून स्थावराच्या सौद्यात वीस हजार किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोख घ्यायला कायद्याने बंदी आहे. "रोख दिले तर थोडं कमी करू" या बोलण्याला भुलू नका. रोखीचा विसार परत मागायला पुरावा काय दाखवणार? आणि खरेदीखत केवळ बाईच्या नावावर होणार असेल, तर महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत आहे. तीस लाखांवर ते तीस हजार होतात. घरात हा विषय काढायला एवढं निमित्त पुरे.

आता घोडेगावच्या भगिनींना माझं सांगणं. गुरुवारचा मुहूर्त टळला तर पुढे दुसरा आहे. मालकांना सरळ सांगा, घर आम्हाला आवडलं आहे, पण पाहणीची अट पावतीत हवी. ते हो म्हणाले तर गुरुवारीच विसार द्या, तीन लाखांऐवजी पन्नास हजार देऊन पाहा, आणि उरलेले अहवाल आल्यावर. तोवर पाटली मोडायची गरजच पडणार नाही. अट ऐकूनच ते मागे सरले, तर त्या नव्या रंगाच्या कोपऱ्यात काय आहे याची शंका आणखी बळावेल. मग ते घर त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला खुशाल घेऊ द्या.

पुढच्या अंकात साठेखत आणि खरेदीखत यांत फरक काय, आणि ताबा घेताना दारात उभं राहून कोणकोणत्या गोष्टी मोजून घ्यायच्या, ते पाहू. या विषयावरचे तुमचे अनुभव जरूर कळवा. नाव छापायचं नसेल तर तसं लिहा.